पाचगावची घरफोडी: टीप कुठून आली आणि माल कुठं मोडणार?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कोल्हापूरजवळ पाचगावला राहता. मेव्हण्याच्या लग्नासाठी सगळे दोन रात्री मिरजेला गेलात. परत आलात तर पुढच्या दाराचा कोयंडा उचकटलेला, आतलं लोखंडी कपाट फोडलेलं. गंठण, दोन पाटल्या, बोरमाळ आणि मुलीच्या फीसाठी काढून ठेवलेली रोकड गेली. लॅपटॉप, देवाची चांदीची भांडी आणि घड्याळ जागेवर. एक ग्रॅमच्या नकली बांगड्या पलंगावर फेकलेल्या. समोरच्या घराला बाहेरून कडी लावलेली होती, ते लोक सकाळी आतून दार वाजवत बसले. फिर्याद दाखल झाली, ठसेवाले येऊन गेले. आता गल्लीत तीन मतं आहेत. कुणी म्हणतं धुणंभांड्याच्या बाईंनी टीप दिली, कुणी म्हणतं बाहेरच्या राज्यातली टोळी, आणि एकानं तर एका समाजाचं नाव घेऊन "हे काम त्यांचंच" असं सांगितलं. तुम्ही विचारताय की चोरांचे प्रकार असतात तरी किती, आमचा चोर त्यातला कुठला, आणि सोनं परत मिळेल का.

मी पोलीस खात्यातून निवृत्त झालोय. नोकरीचा बराच काळ डीबीत, म्हणजे ठाण्याच्या गुन्हे शोध पथकात, आणि नंतर स्थानिक गुन्हे अन्वेषण शाखेत गेला. तुमचं घर मी पाहिलेलं नाही, पंचनामा वाचलेला नाही. त्यामुळं खाली लिहिलंय ते तुम्ही दिलेल्या माहितीवरून. एखादा ठसा जुळला किंवा एखादा कॅमेरा बोलला, की माझा सगळा अंदाज बाजूला ठेवायचा.

पथकात नवीन आलेल्या पोराला आम्ही दोन गोष्टी विचारायला शिकवायचो. या घरात माल आहे आणि माणसं नाहीत, हे चोराला कळलं कुठून? आणि हा माल तो कुठं मोडणार? चोर किती प्रकारचे याची पुस्तकी यादी मोठी निघेल, पण तपासाला उपयोगी पडते ती या दोन प्रश्नांवरून केलेली वाटणी. माहितीचा उगम आणि मालाचं गिऱ्हाईक ही दोन टोकं आहेत. मधला माणूस सापडतो तो यातल्या एका टोकाला धरून.

तुमच्या घरातल्या खुणा आता याच नजरेनं बघू. कुलूप शाबूत आणि कोयंडा उचकटलेला, म्हणजे कटावणी वापरली. लोकं हजार-दोन हजारांचं कुलूप घेतात आणि ते लाकडात चार आखूड स्क्रूवर उभ्या असलेल्या कोयंड्याला अडकवतात. चोर कुलपाकडं बघतसुद्धा नाही. चौकटीवर कटावणीच्या दाबाची खूण राहते. तिची रुंदी पंचनाम्यात आली असेल तर उत्तम, कारण तसलीच खूण त्या आठवड्यात कळंब्यात किंवा उजळाईवाडीत दुसऱ्या चौकटीवर दिसली, तर दोन गुन्हे एका हाताचे म्हणून जोडता येतात.

कपाटाचे खण कसे होते हे तुम्ही लिहिलेलं नाही. मोबाईलमध्ये फोटो असतील तर बघा. मुरलेला घरफोड्या खालच्या खणापासून सुरुवात करतो. खालचा ओढायचा, चाळायचा, तसाच उघडा सोडून वरचा ओढायचा. वरून सुरुवात केली तर खालचा बघण्यासाठी वरचा आधी लावावा लागतो आणि वेळ जातो. नवशिक्या वरून सुरू करतो, कपडे घरभर फेकतो, फ्रिज उघडून काहीतरी खातो, मुलांचा पैशाचा गल्ला फोडतो.

एक ग्रॅमच्या बांगड्या पलंगावर राहिल्या, यावरून तर बरंच कळतं. त्या हातात घेऊन, वजन बघून, कडा घासून टाकून दिल्यात. खरं-खोटं जागेवर ओळखणारा माणूस होता. लॅपटॉप सोडला, कारण लॅपटॉपला क्रमांक असतो आणि विकायला गिऱ्हाईक शोधावं लागतं. चांदी सोडली, कारण ती जड आणि वजनाच्या मानानं पैसा कमी. हुपरी जवळ आहे, इथं चांदीचा बाजार मोठा आहे, तरी पिशवीभर भांडी घेऊन रात्री गाडीवरून जाणं त्याला परवडणारं नव्हतं. समोरच्याची कडी बाहेरून लावली म्हणजे आधी गल्ली पाहून ठेवली होती. बहुधा दोघं तरी होते, एक आत आणि एक बाहेर. या सगळ्याची गोळाबेरीज केली तर हे सराईत माणसांचं काम दिसतं. तुमच्या बाजूला त्याच रात्री किंवा मागंपुढं आणखी बंद घरं फुटली का, हे ठाण्यात विचारा. फुटली असतील तर माझा अंदाज पक्का होतो.

आता बाई. तुम्ही लिहिलंय की कपाटातल्या लॉकरची किल्ली स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यात ठेवलेली असते, चोरीनंतर ती तिथंच मिळाली, आणि लॉकर मात्र कटावणीनं फोडलेला आहे. ज्या बाई कित्येक वर्षं तुमच्या स्वयंपाकघरात वावरतात, त्यांना तो डबा माहीत नसेल असं होणार नाही. त्यांनी किंवा त्यांच्या सांगण्यावरून कुणी चोरी केली असती तर किल्ली वापरली असती. लॉकर फोडायला लागणारा वेळ आणि होणारा आवाज चोर उगाच पत्करत नाही. घरच्या माहितगाराची चोरी वेगळी असते. दार शाबूत, कपाट किल्लीनं उघडलेलं, किल्ली परत जागेवर, दहा दागिन्यांतले दोनच गेलेले, आणि चोरी झाली हे कळतंच मुळी पुढच्या सणाला. त्यात नोकर-चाकरापेक्षा जवळचा नातेवाईक, कर्जात बुडालेला पोरगा, ऑनलाईन जुगाराचा नाद लागलेला भाचा असे निघालेले मी जास्त पाहिलेत. तिथं फिर्याद द्यायलाही घरचे तयार नसतात.

टीप दुसरीकडून आलेली असू शकते, ही शक्यता मी पुसत नाही. रंगारी, सुतार, गिझर बसवून गेलेला पोरगा, असं कुणीही. पण तुमच्यासारख्या घराला टीप लागतेच असं नाही. बाहेर लोंबणारं कुलूप, दारात पडलेली दोन दिवसांची वर्तमानपत्रं, भर दुपारी जळणारा पोर्चमधला दिवा, हे सगळं रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतं. वर लग्नाचे फोटो त्याच दिवशी स्टेटसला. दुपारी एकदा गल्लीतून फेरी मारली की रेकी झाली.

आता प्रकारांकडं वळतो, कारण तुम्ही ते विचारलंय आणि कोल्हापूर परिसरात ते सगळे भेटतात.

सगळ्यात जास्त असतो तो संधीसाधू. दुचाकीचोर यात येतात. हँडल लॉक झटका देऊन तोडायचं, वायर जोडायची आणि निघायचं. यात कोवळी पोरं असतात, पेट्रोल संपेपर्यंत फिरवून गाडी सोडून देणारीही. गाडी विकली तर खेड्यात, निम्म्याहून कमी किमतीत, "कागद नंतर देतो" असं सांगून. हा चोर एकाच कारणानं सापडतो. तो पुन्हा तेच करतो, त्याच ठिकाणी येतो आणि दोस्तांत बढाई मारतो. अशा पोराला नुसतं पकडून भागत नाही. सहा महिन्यांत सुटून आला की आतल्या ओळखी बरोबर घेऊन येतो, आणि पुढच्या वेळी तो घरफोडीत दिसतो.

गर्दीतले चोर वेगळ्या जातकुळीचे. नवरात्रात अंबाबाईच्या रांगेत, चैत्रात जोतिबाच्या यात्रेत, आणि वर्षभर मध्यवर्ती बस स्थानकावर एसटीत चढताना. यात बायका बऱ्याच असतात. तिघी-चौघी मिळून काम करतात. एक पुढं अडून राहते, एक मागून ढकलते, तिसरी पर्सची चेन उघडते, चौथी माल घेऊन उलट्या दिशेनं चालू लागते. ओरडा झाला तरी जिच्यावर संशय जातो तिच्याकडं काही नसतं. यात हत्यार नाही, मारझोड नाही, बोटांचं कसब आहे. ही माणसं आपली पद्धत सहसा बदलत नाहीत. त्यामुळं रेकॉर्डवरचा चेहरा ओळखणारा जुना हवालदार यात्रेत एका कॅमेऱ्यापेक्षा जास्त कामाला येतो.

मग बतावणी करणारे. सकाळी फिरायला निघालेल्या म्हाताऱ्या माणसाला मोटारसायकलवरचे दोघं थांबवतात. "आम्ही पोलीस, पुढं मोठी घटना झालीय, चेकिंग चालू आहे, अंगावरचे दागिने काढून रुमालात बांधा." तेवढ्यात तिसरा येतो, त्यालाही दटावतात, तो मुकाट्यानं चेन काढून देतो. तो त्यांचाच असतो. आजोबांच्या हातात रुमाल परत येतो, घरी गाठ सोडली की आत खडे. दागिने पॉलिश करून देणारेही याच जातीचे. द्रावणात सोनं विरघळतं आणि माळ हलकी होऊन परत मिळते. खात्यातला माणूस म्हणून ठासून सांगतो, रस्त्यात थांबवून दागिने काढायला सांगण्याची कुठलीही पद्धत पोलिसांत नाही. हे लोक अंगाला हात लावत नाहीत, म्हणून लोक याला किरकोळ समजतात. मला मात्र घरफोड्यापेक्षा यांचा राग जास्त. लुटल्या गेलेल्या म्हाताऱ्या माणसाचा स्वतःवरचा विश्वास जातो, तो परत एकटा देवळात जात नाही.

गळ्यातलं हिसकावणारे दुचाकीवरून येतात, पत्ता विचारायच्या निमित्तानं वेग कमी करतात. कागलच्या पुढं गेली की गाडी लगेच कर्नाटकात. निपाणी, बेळगाव, तिकडून गोवा. राष्ट्रीय महामार्ग ४८ जितका उद्योगाला सोयीचा, तितकाच यांना. म्हणून कोल्हापूरच्या तपासाला सीमेपलीकडच्या ठाण्यांशी ओळख ठेवावीच लागते. माझे कितीतरी गुन्हे तिकडच्या एखाद्या फौजदारानं केलेल्या एका फोननं उघड झाले.

ग्रामीण भागातलं चित्र आणखी निराळं. पंचगंगेच्या काठावरच्या पाणी उपशाच्या मोटारी, केबल, विजेच्या डीपीतलं तांब्याचं वेटोळं. औद्योगिक वसाहतीत फौंड्रीतलं कास्टिंग आणि भंगार. इथं चोराला धातूची किंमत कळते आणि वीज कधी नसते तेही कळतं. त्यावरून संशयाचं वर्तुळ आपोआप लहान होतं. हा माल जातो भंगारात, आणि तपासही तिथूनच सुरू करायचा.

शेवटचे, कटावणी न लावता कागदावर लुटणारे. संस्थेतला अफरातफर करणारा, भिशी घेऊन पळणारा, आणि आपल्याकडं दर हंगामाला येणारं प्रकरण म्हणजे ऊसतोडीच्या मुकादमानं वाहनधारकाकडून लाखोंची आगाऊ उचल घेऊन तोडकऱ्यांची टोळीच न पाठवणं. रक्कम बघितली तर एका अशा फसवणुकीत तुमच्यासारखी अनेक घरं फुटली असं म्हणावं लागेल. पण ठाण्यात पहिलं उत्तर मिळतं, "हे दिवाणी स्वरूपाचं आहे." मुद्दा असतो नियत काय होती याचा. पैसे घेतानाच फसवायचं ठरलं होतं हे दाखवता आलं तर फसवणूक, नुसता करार मोडला असेल तर दिवाणी. एकाच हंगामात त्यानं तिघांकडून त्याच टोळीच्या नावावर उचल घेतली असेल तर नियत उघडी पडते. तिघांनी एकत्र जावं.

आता ज्यानं समाजाचं नाव घेतलं त्या शेजाऱ्याबद्दल. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला, जन्मावरून माणसाला चोर ठरवलं, रोज हजेरी लावायला लावली. तो कायदा जायला १९५२ साल उजाडलं. आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ सालीच हजेरीची पद्धत बंद केली, आणि ज्या फासेपारध्यांना लोक चोर म्हणायचे त्यांना जवळ घेऊन कामं दिली, पहाऱ्यावर नेमलं. हे मी भावनेपोटी सांगत नाही, तपासाच्या हिशेबानंही हे बरोबर आहे. समाजावरून संशय धरला की पथक एका वस्तीवर जाऊन दहा पोरं उचलून आणतं, तोवर खरा चोर माल वितळवून मोकळा. कटावणीची खूण, मोबाईल टॉवरची माहिती, कॅमेऱ्यातली गाडी, यांतल्या कशावरही जात लिहिलेली नसते. "बाहेरच्या राज्यातली टोळी" हे मतही तसंच घाईचं. टोळी बाहेरची असू शकते, पण तिला गल्ल्या दाखवणारा, खोली देणारा, गाडी पुरवणारा बहुतेक वेळा इथलाच निघतो.

कलमांची भानगड थोडक्यात, कारण ठाण्यात तुमच्या हातात दिलेल्या प्रतीवर तीच छापलेली असतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. साधी चोरी कलम ३०३. हिसकावून नेणं हा आता स्वतंत्र गुन्हा, कलम ३०४. राहत्या घरातली चोरी कलम ३०५, सात वर्षांपर्यंत शिक्षा. चोरी करताना मारहाण किंवा धाक आला की ती जबरी चोरी, ३०९. तसं करणारे पाच किंवा त्याहून जास्त असतील तर दरोडा, ३१०. लोक दोन चोरांनी घर फोडलं तरी "दरोडा पडला" म्हणतात, कायद्यात तसं नाही. तुमच्या बाबतीत ३०५ च्या जोडीला ३३१ चं पोटकलम ४ लागायला हवं, म्हणजे चोरीसाठी केलेली रात्रीची घरफोडी. त्याला चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नुसतं ३०३ लिहिलं असेल तर नम्रपणे विचारा. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी येण्याची तरतूद नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे तपासाच्या कायद्यात, आहे, आणि ती राज्यांनी टप्प्याटप्प्यानं लागू करायची आहे. कलमानुसार तपासाचं वजन बदलतं, ते असं. दुसऱ्या टोकाला, पाच हजारांच्या आतली साधी चोरी आता अदखलपात्र आहे. म्हणून मोबाईल गेला तर त्याची किंमत नीट सांगा आणि पावती जोडा.

सोनं परत मिळेल का? इथं मी गोड बोलणार नाही. दागिना दागिन्याच्या रूपात फार दिवस राहत नाही. सराईत माणूस तो दोन-तीन वाटांनी मोडतो. ओळखीच्या दुकानात पडेल भावात, किंवा आटवून लगड करून, किंवा हल्ली सोनेतारण कर्जाला एखाद्या बाईच्या नावावर ठेवून. यातली तिसरी वाट आम्हाला आवडते, कारण दागिना जसाच्या तसा तिजोरीत पडून राहतो आणि कागदावर नाव, फोटो, तारीख मिळते. आटवलं की संपलं. हॉलमार्कचा सहा अक्षरी क्रमांक, घडण, नावाची अक्षरं, सगळं जातं. मग पंचनाम्यात "सोन्याची लगड, वजन इतकं" येतं आणि ती पाच फिर्यादींत वाटली जाते. तुमच्या वाट्याला गेलेल्या वजनाइतकं येईलच असं नाही.

म्हणून आमचा खरा रोख असायचा घेणाऱ्यावर. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणाऱ्याला कलम ३१७ लागतं, आणि हाच धंदा करणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपेची शिक्षा होऊ शकते. चोर पकडणं सोपं, घेणाऱ्यावर गुन्हा शाबीत करणं अवघड, कारण "मला काय माहीत, गिऱ्हाईक म्हणून आला होता" हे उत्तर तयार असतं. तरी चोरीनंतर लगेच माल ज्याच्या ताब्यात सापडतो त्यानं खुलासा द्यावा, अशी धारणा न्यायालय करू शकतं. पावती न करता, रात्री, बाजारभावाच्या निम्म्यात घेतलं हे पुराव्यानं आलं की खुलासा लंगडा पडतो. कोल्हापूरच्या गुजरी पेठेतले बहुसंख्य सराफ असल्या मालाला हात लावत नाहीत, उलट संशय आला की फोन करतात. दोन-चार जणांमुळं सगळ्या पेठेवर शिंतोडे उडतात, हे त्यांचंही दुखणं आहे.

एक गोष्ट मात्र आशेची. सराईतांचे गुन्हे एकेकटे उघड होत नाहीत, झुपक्यानं होतात. साताऱ्यात किंवा बेळगावात टोळी सापडते, चौकशीत ती कुठं कुठं हात मारला ते सांगते, मग आमचं पथक जाऊन ताबा घेतं आणि इथले पाच-सात गुन्हे एकदम उघड. त्यामुळं काही महिने काही झालं नाही आणि ठाण्यानं "अ समरी" पाठवली, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही असा अहवाल दिला, तर फाईल कायमची मेली असं समजू नका. आरोपी मिळाला की तपास पुन्हा उघडता येतो. त्या दिवशी तुमचा दागिना ओळखू येईल असं वर्णन कागदावर असलं पाहिजे, नाहीतर सापडलेला माल दुसऱ्याच्या नावावर जातो.

सध्या करायचं काय, तर पुरवणी जबाब. फिर्याद देताना माणूस गोंधळलेला असतो, निम्मं सांगायचं राहतं. घरच्या बायकांना बरोबर न्या, कारण बोरमाळेत मणी किती होते, गंठणाची वाटी कशी होती, पाटलीवर नक्षी कुठली, हे त्यांनाच नेमकं माहीत असतं. सराफाची पावती, नसेल तर लग्नकार्यात दागिने घातलेला स्पष्ट फोटो द्या. वजन फुगवून सांगू नका. चोर सहा तोळे कबूल करतो, फिर्यादीत अकरा असतात, आणि आरोपीचा वकील त्याच फटीत शिरतो. चोरीला गेली म्हणून लिहिलेली वस्तू नंतर घरातच सापडली तर तेही लगेच कळवा. गल्लीतल्या कॅमेऱ्यांचं चित्रण बऱ्याच ठिकाणी पंधरा-वीस दिवसांत पुसलं जातं, त्यामुळं कुठल्या दुकानाचा, कुठल्या बंगल्याचा कॅमेरा रस्त्याकडं आहे याची यादी आजच तपासी अंमलदाराला द्या. चोरीच्या रात्रीचंच नव्हे, आदल्या दोन-तीन दुपारचंही बघायला सांगा. रेकी त्यात असते.

तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायची तरतूद आता कायद्यातच आहे, तेव्हा विचारायला संकोच नको. रोज मात्र जाऊ नका. पंधरा दिवसांतून एकदा, हातात काहीतरी नवीन माहिती घेऊन गेलात तर तुमच्याशी नीट बोलतील. माल सापडला की तो ठाण्यातून परस्पर मिळत नाही, न्यायालयात अर्ज करावा लागतो. मुद्देमाल विनाकारण ठाण्यात अडकवून ठेवू नये, फोटो आणि पंचनामा करून मालकाला द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ सालीच सांगितलंय. खटला संपेपर्यंत थांबायचं कारण नाही.

धुणंभांड्याच्या बाईंबद्दल पोलिसांनी विचारलं तर माहीत आहे तेवढं सांगा, संशय आहे असं कुणाच्या आग्रहाखातर लिहून देऊ नका. त्यांना चौकशीला बोलावलं तर तुम्ही बरोबर जा. गल्लीत परस्पर जाब विचारणं, घराची झडती घेणं असलं काही कुणी करत असेल तर थांबवा, ते तुमच्यावरच शेकेल.

शेवटी कुलपाबद्दल. बाहेर लोंबणारं कुलूप काढून दारात बसणारं लॉक लावा, म्हणजे घर बंद आहे हे बाहेरून कळत नाही. कोयंडा ठेवायचाच असेल तर आरपार बोल्टचा, आतून नट असलेला. पोर्चच्या दिव्याला टायमर लावा. गावाला जाताना समोरच्यांना सांगून जा, पेपर बंद करा, आणि दागिने बँकेत ठेवा.